कॅसेटचं कपाट संगणकात लावताना

ज्या घरात दोन पिढ्या मन लावून गाणं ऐकलं गेलंय, त्या घरातला संगणक एकदा उघडून बघा. 'बाबांची गाणी', 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'पेन ड्राइव्ह जुना' असे कप्पे सापडतील आणि त्यांच्या पोटात 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा नावांच्या शेकडो फायली. गाणी सगळी आहेत, पण हवं ते हाताला लागत नाही. मग माणूस कंटाळतो आणि मोबाइलवरच्या एखाद्या ॲपवर जे समोर येईल ते लावतो. मला याचं वाईट वाटतं. कारण त्या कप्प्यांत जे आहे ते पुष्कळदा कुठल्याच ॲपवर नसतं. आकाशवाणीवरून रात्री जागून टेप केलेली मैफल, गणेशोत्सवात समोर टेपरेकॉर्डर ठेवून कुणी उतरवून घेतलेलं गाणं, पुन्हा कधीच बाजारात न आलेली नाट्यपदांची कॅसेट.

माझ्या वडिलांच्या दोनशेच्या आसपास कॅसेट आणि त्यांच्या मागून आलेल्या सीडी संगणकात आणायचं काम मी गेली तीन वर्षं करतो आहे. असा संग्रह ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हा लेख.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. गाणं वाजवणारा प्लेअर बदलत राहणार. १९९७ साली विनॅम्प आला, तेव्हा घरोघरी तोच होता. २००१ मध्ये आयट्यून्स आलं आणि २०१९ मध्ये ॲपलनेच मॅकवर त्याची वेगवेगळ्या ॲपमध्ये वाटणी केली. मी सुरुवातीला जो प्लेअर वापरत होतो, त्यात सहा महिने खपून हजारभर गाण्यांना तारे दिले होते, शेरे लिहिले होते. संगणक बदलला आणि ते सगळं गेलं. गाणी शाबूत होती, पण माझं लिखाण त्या प्लेअरने गाण्याच्या फायलीत न ठेवता स्वतःच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवलं होतं. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: जे काही लिहायचं ते गाण्याच्या फायलीच्या आत, म्हणजे टॅगमध्ये. प्लेअर निवडताना तो काय काय टॅगमध्ये लिहितो हे आधी बघावं. त्याचं रंगरूप नंतर.

विंडोजवर मी म्युझिकबी वापरतो. ते फुकट आहे, मोठा संग्रह सहज पेलतं आणि आपल्याला हवे ते रकाने त्यात वाढवता येतात. फूबार२००० दिसायला रूक्ष, पण अतिशय हलकं आणि भरवशाचं. जुन्या संगणकावर तेच घ्या. लिनक्सवाल्यांसाठी स्ट्रॉबेरी आहे. मॅकवर ॲपलचं म्युझिक ॲप असतंच, पण ते फ्लॅक फायली वाजवत नाही, त्या ॲपल लॉसलेसमध्ये बदलून घ्याव्या लागतात. टॅग लिहिण्यासाठी मात्र प्लेअरवर विसंबू नका, एमपीथ्रीटॅग हे वेगळं सॉफ्टवेअर घ्या. शंभर फायलींमधली एकच चूक एका फटक्यात दुरुस्त करणं त्यात जितकं सोपं आहे तितकं दुसरीकडे नाही.

रकाने आणि गीतरामायण

ही सॉफ्टवेअर मुळात इंग्रजी पॉप संगीताच्या हिशेबाने घडलेली आहेत. एक गायक, एक अल्बम, दहा-बारा गाणी. आपलं गाणं या चौकटीत बसत नाही. आपण गाण्याची आठवण काढतो ती 'पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दात्यांचा आवाज' अशी. म्हणून पहिलं काम म्हणजे प्लेअरच्या यादीत संगीतकार आणि गीतकार हे दोन रकाने दिसते करून घेणं. टॅगमध्ये त्यांना जागा असते, पण पडद्यावर बहुधा ते लपलेले असतात.

गीतरामायणाचं उदाहरण घेऊ. गदिमांची ५६ गीतं, सगळ्या चाली बाबूजींच्या, १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक. आकाशवाणीवर ती अनेकांनी गायली. त्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर होते. पुढे बाबूजींनी सगळीच्या सगळी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. म्हणजे तुमच्याकडे दोन्ही प्रकार असतील तर ती दोन वेगळी गीतरामायणं आहेत आणि अल्बमच्या नावातच तसं लिहायला हवं: 'गीतरामायण (आकाशवाणी)' आणि 'गीतरामायण (सुधीर फडके)'. पहिल्या प्रकारात प्रत्येक गीताचा गायक वेगळा. तिथे 'आर्टिस्ट' रकान्यात त्या त्या गायकाचं नाव टाका, आणि 'अल्बम आर्टिस्ट' या दुसऱ्या रकान्यात सगळ्या ५६ फायलींना एकच नाव द्या. हा दुसरा रकाना रिकामा राहिला की एका अल्बमचे गायकागणिक तुकडे होतात. नाट्यपदांच्या बहुतेक संकलनांची वाट लागते ती इथेच.

गीतांचे क्रमांकही १ ते ५६ सलग द्या. कॅसेट क्रमांक एक, बाजू अ, असली वाटणी ठेवू नका. ती टेपच्या लांबीने केलेली होती. फाइलच्या नावात मात्र ०१, ०२ असे दोन अंकी आकडे हवेत. गाडीतले अनेक प्लेअर फाइलच्या नावावरूनच क्रम लावतात. तिथे एकानंतर दहा, मग अकरा असं सुरू झालं की रामकथा तिथेच मोडते.

सालाच्या रकान्यात फार गोंधळ असतो. 'मानापमान' १९११ चं, 'स्वयंवर' १९१६ चं. त्यातलं एखादं पद कुणी अर्ध्या शतकानंतर गायलेलं, आणि सीडीवर छापलेलं साल संकलन निघाल्याचं. सालाच्या रकान्यात ध्वनिमुद्रणाचं साल लिहावं, नाटकाचं साल नाटकाच्या नावापुढे कंसात घालावं आणि ध्वनिमुद्रणाचं साल ठाऊक नसेल तर रकाना कोरा ठेवावा. संकलनाचं साल टाकलंत तर बालगंधर्व तुमच्या यादीत १९९० च्या दशकात गाताना दिसतील.

नावं देवनागरीत लिहिताना

टॅग देवनागरीतच लिहा असं माझं ठाम मत आहे. रोमनमध्ये 'भीमसेन'चं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी होतं, आणि प्रत्येक तऱ्हेचा संगणकाच्या लेखी एक वेगळा गायक तयार होतो. देवनागरीत निदान शुद्धलेखन एक आहे. फाइलचं नाव मात्र रोमनमध्ये आणि आटोपशीर ठेवा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्रेसकट. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. मुखडा, गायक, राग असं सगळं नावात घातलं की ती सहज संपतात आणि फाइल कॉपीच होत नाही.

एमपीथ्रीच्या टॅगमध्येही एक जुनी अडचण आहे. आयडीथ्री टॅगची पहिली आवृत्ती फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटांत मावते, गाण्याच्या नावाला त्यात ३० अक्षरांची जागा, आणि देवनागरीची सोयच नाही. तिथे मराठी नाव गेलं की प्रश्नचिन्हं उमटतात. एमपीथ्रीटॅगच्या पर्यायांत जाऊन पहिली आवृत्ती लिहिणं बंद करा आणि दुसऱ्या आवृत्तीतलं युनिकोड निवडा. फ्लॅक फायलींमध्ये ही भानगड नाही, तिथे मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच असतो.

आता एक बारीक पण फार छळणारी गोष्ट. 'वाऱ्यावर', 'ताऱ्यांना', 'किनाऱ्याशी' हे शब्द भावगीतांत पदोपदी येतात. त्यातला 'ऱ्य' दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलं जातं, दुसरीत साध्या 'र'पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकलं जातं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधताना संगणकाला ते वेगळे वाटतात. गाणं समोर असून सापडत नाही आणि आपण आपल्यालाच दोष देत बसतो. 'ॲ'चंही तसंच: तो एक अक्षर म्हणूनही असतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही. यावर उपाय म्हणजे सगळं एकाच कीबोर्डने टाइप करणं आणि इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरावर एमपीथ्रीटॅगमधली शोधा-आणि-बदला ही क्रिया एकदा फिरवणं. जुन्या छपाईच्या फाँटमधला मजकूर तर चिकटवूच नका. तो युनिकोड नसतो, त्याचा कचरा होतो.

गायकाच्या नावामागे 'पं.' किंवा 'उस्ताद' लावायचं की नाही? आदर मनात असावाच, पण टॅगमध्ये ही बिरुदं लावलीत की निम्मे गायक 'प'खाली जमा होतात. मी गायकाच्या रकान्यात 'भीमसेन जोशी' लिहितो आणि क्रम लावण्याचा जो वेगळा रकाना असतो त्यात 'जोशी भीमसेन'. गंधर्वांचं काय करायचं यावर मी बराच विचार केला. नारायण श्रीपाद राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, सौदागर नागनाथ गोरे, शिवपुत्र कोमकली ही खरी नावं लिहून कुणाला काही सापडणार नाही. बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व असंच लिहावं, आणि क्रम 'ब', 'स', 'छ', 'क' असाच लागू द्यावा.

राग आणि प्रहर

शास्त्रीय संगीत ज्यांच्याकडे आहे त्यांनी इथे वेळ घालवावा, कारण सगळ्या खटाटोपाचं सुख इथे मिळतं. म्युझिकबीच्या प्रेफरन्सेसमध्ये टॅगचा विभाग आहे, तिथे आपले स्वतःचे रकाने तयार होतात. मी तीन केले: राग, ताल, प्रहर. फ्लॅकमध्ये रकान्याचं नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं. आतला मजकूर खुशाल देवनागरीत लिहा.

रागांच्या नावांची एक वही करा, कागदाचीच. ललत की ललित, तोडी की मियाँ की तोडी, एकदा ठरवायचं आणि तेच शेवटपर्यंत लिहायचं. यमन आणि यमनकल्याण एकत्र करू नका. राग ओळखता येत नसेल तर अंदाजाने लिहू नका; जाणत्या माणसाला ऐकवून मग लिहा. आणि हा रकाना ख्यालापुरता ठेवू नका. नाट्यपदं, अभंग, भावगीतं, चित्रपटगीतं, जिथे जिथे राग स्पष्ट आहे तिथे तो लिहा. मग एके दिवशी शोधाच्या चौकटीत 'भीमपलास' टाका. एकाखाली एक विलंबित ख्याल, नाट्यपद, अभंग आणि सिनेमाचं गाणं असं सगळं येतं. तो राग मला खऱ्या अर्थाने तेव्हा कळायला लागला. कुठल्याही पुस्तकाने ते केलं नव्हतं.

प्रहराच्या रकान्यावरून आपोआप भरणाऱ्या याद्या करता येतात. म्युझिकबीत त्यांना ऑटो-प्लेलिस्ट म्हणतात. 'प्रहर: सकाळ' अशी अट घातली की भैरव, ललत, तोडी त्यात जाऊन बसतात, दुपारी सारंग, तिन्हीसांजेला मारवा आणि पूरिया धनाश्री, रात्री बागेश्री, मालकंस, दरबारी. त्यात 'गेल्या तीस दिवसांत न वाजलेलं' ही दुसरी अट जोडा. संग्रहात कोपऱ्यात पडलेली ध्वनिमुद्रणं मग स्वतःहून पुढे येतात. नवी फाइल टाकून तिचा रकाना भरला की यादीत ती आपसूक जाते, हाताने काही करावं लागत नाही.

सीडी आणि कॅसेट

सीडीचं काम सोपं. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर घ्या आणि फ्लॅकमध्ये उतरवा. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीही टाकून दिलं जात नाही, तरी जागा साधारण निम्मी लागते. एक सीडी सरासरी ३५० एमबी धरली तर ५०० सीडी पावणेदोनशे जीबीत बसतात, आणि आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. आधीच एमपीथ्रीत असलेल्या फायली फ्लॅकमध्ये बदलू नका. जे गेलं ते परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. गाण्यांची नावं इंटरनेटवरून आपोआप भरणारं म्युझिकब्रेन्झ पिकार्ड चांगलं आहे. ते गाण्याचा आवाज ऐकूनही ओळख पटवू शकतं. पण मराठी सीडींच्या बाबतीत ते आणेल ती नावं तपासल्याशिवाय स्वीकारू नका, आणि खाजगी मैफलीच्या टेप तर त्याला ओळखता येणारच नाहीत.

कॅसेटला वेळ द्यावा लागतो. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट लगेच रेकॉर्ड करायला लावू नका. आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा गुंडाळून घ्या, म्हणजे टेप मोकळी होते. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध एक इवलीशी फेल्टची गादी असते, ती टेपला हेडवर दाबून धरते. जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुटून ती पडते आणि आवाज दबका येतो. लोक समजतात टेप खराब झाली. स्क्रूची कॅसेट असेल तर ती उघडून टेप दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येते. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसून घ्या.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर संगणकात न्यायची. लॅपटॉपला बहुधा फक्त माइकचं भोक असतं, त्यात घालू नका, आवाज फाटतो. यूएसबीला लागणारा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या. रेकॉर्डिंगसाठी फुकटचं ऑडॅसिटी पुरेसं आहे. आवाजाची पातळी अशी ठेवा की सर्वांत चढी तान उणे ६ डेसिबलच्या पुढे जाणार नाही. एक बाजू एका दमात उतरवा आणि तुकडे नंतर करा.

रेकॉर्डिंग झाल्यावर वेग तपासा. म्हाताऱ्या डेकची मोटर वेगात चुकते आणि गायकाची पट्टीच बदलते. त्याच गायकाचं त्याच काळातलं, सीडीवर आलेलं ध्वनिमुद्रण शेजारी लावून षड्ज जुळतो का ते बघा. फरक दिसला तर ऑडॅसिटीत वेग आणि पट्टी एकदम बदलायची सोय आहे, ती वापरा.

आणि आता जे सांगतो ते कृपा करून लक्षात ठेवा. ऑडॅसिटीत खरखर कमी करायचं साधन आहे. ते वापरताना 'इथे नुसती खरखर आहे' असा एक तुकडा त्याला नमुना म्हणून दाखवायचा असतो. बहुतेक जण गाणं सुरू होण्याआधीचे चार-पाच सेकंद दाखवतात. आपल्या मैफलीत गाणं सुरू होण्याआधी शांतता नसते, तंबोरे वाजत असतात. सॉफ्टवेअर तंबोऱ्यालाच खरखर समजतं आणि पूर्ण ध्वनिमुद्रणातून तो पुसून काढतं. मागे उरतो तो कोरडा, अधांतरी गळा. नमुना घ्यायचाच तर तंबोरेही सुरू होण्याआधीची रिकामी टेप शोधा, ती नसेल तर हे साधन वापरू नका. खरखरीची कानाला दहा मिनिटांत सवय होते. मूळ, हात न लावलेली फाइल तर कायम वेगळी जपून ठेवा.

ऐकताना

प्लेअरमधल्या तीन गोष्टी बघून घ्या. बडा ख्याल आणि छोटा ख्याल सीडीवर दोन ट्रॅक असतात, पण गाणं सलग असतं. मध्ये खंड पडत असेल तर गॅपलेस वाजवण्याचा पर्याय चालू करा. एक गाणं विरत असताना दुसरं सुरू करणारा क्रॉसफेड बंद करा. समेवर आलेल्या गायकावर पुढच्या ट्रॅकचा तबला चढणं असह्य असतं. तिसरं म्हणजे रिप्लेगेन. वेगवेगळ्या काळातली ध्वनिमुद्रणं कमी-जास्त आवाजात असतात, सारखा हात आवाजाच्या बटणाकडे जातो. रिप्लेगेन प्रत्येक फाइल मोजून तिच्या टॅगमध्ये एक आकडा लिहितं, मूळ आवाजाला धक्का लावत नाही. भावगीतांसाठी ते ट्रॅकनिहाय ठेवा, शास्त्रीयसाठी अल्बमनिहाय. नाहीतर हळू आवाजातला आलाप आणि चढलेली द्रुत एका पातळीवर येतात आणि मैफलीचा चढ नाहीसा होतो.

संग्रहाच्या तीन प्रती ठेवा. दोन घरात, वेगवेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मित्राकडे. तिसरी प्रत दर दिवाळीत अद्ययावत करायची असं आम्ही ठरवून घेतलंय. फायली आपोआप हलवून 'नीट लावून देणारा' पर्याय बहुतेक प्लेअरमध्ये असतो. टॅग पूर्ण होईपर्यंत तो बंदच ठेवा.

कॅसेट उतरवून झाली की तिच्या आतला कागद फेकू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढून त्याच कप्प्यात ठेवा. त्यावर हाताने लिहिलेलं जे असेल, टेप कुणी दिली, कुठल्या तारखेची, तबल्यावर कोण, ते सगळं टॅगच्या शेऱ्याच्या रकान्यात उतरवा. तुमच्यानंतर ही फाइल उघडणाऱ्याला ती माहिती दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. माझ्या वडिलांनी एका मैफलीच्या कॅसेटवर पेन्सिलीने लिहिलंय: 'बाजू ब, शेवटी पाऊस.' शेऱ्याच्या रकान्यात मी ते तसंच लिहिलं आहे. भैरवीच्या मध्यात पत्र्यावर पाऊस सुरू होतो, तो मी काढलेला नाही.